ताईची बदली

४ जून

निकाल लागून आठ दिवस झाले तरी बाबांचं समाधान होत नाही. आज विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी खुर्चीवर बसवून माझे गुण विषयवार ऐकवले. तो बिचारा म्हणाला, "वा, म्हणजे डॉक्टर झाल्या!" बाबा म्हणाले, "व्हायचीय अजून. पण आमच्याकडून झाली."

मेडिकल कॉलेज सप्टेंबरमध्ये उघडणार. तोवर तीन महिने मोकळे. ताई म्हणाली, "घरात बसून बाबांचं डोकं खाण्यापेक्षा माझ्याबरोबर फिरतीला चल."

ताई वजनमापं तपासते. दुकानांतले तराजू, दूधवाल्यांची मापं, ट्रकचे मोठे वजनकाटे. बरोबर असले की शिक्का मारते, नसले की बंद करायला लावते. मोठमोठे व्यापारी तिला बघून उठून उभे राहतात, याची मला भारी गंमत वाटते. घरी मात्र ती साधी ताई. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ताई बावीसची होती. माझ्या वेण्या, माझा अभ्यास, बाबांचं पथ्य, सगळं तिनेच बघितलं. मी अखंड बोलते म्हणून ती मला 'रेडिओ' म्हणते.

फिरतीत काय काय दिसतं ते लिहायला ही वही केली आहे. बघू किती दिवस टिकते.

१९ जून

नदीकाठचं गाव. बस स्टँडवर उतरलो तेव्हा कपड्यांवर बोटभर धूळ. इथे नदीतून नावांनी माल येतो आणि ट्रकमधून पुढे जातो. त्यामुळे धक्क्याजवळ एक मोठा वजनकाटा आहे.

काटा चालवणारा माणूस चाळिशीचा असेल. उंच, आणि चालताना डावीकडे कललेला. ताईने ओळखपत्र दाखवायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, काटा कालपासून बंद ठेवलाय. चौथ्या कोपऱ्याला पाच किलो जास्त दाखवतो."

ताई म्हणाली, "तक्रार कुणी केली?"

"कुणी नाही. मलाच शंका आली. मी स्वतः चारी कोपऱ्यांवर उभा राहून बघितलं. मग मित्राला उभं केलं. तो माझ्यापेक्षा जाड, त्यामुळे लवकर कळलं."

ताई हसली. कामावर असताना ती हसत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मग तिने विसाविसाची वजनं मागवून एकेका कोपऱ्यावर रचायला लावली आणि आकडे टिपले. पाच किलोच निघाले. मी सावलीत बसून कंटाळले. तराजूची एक बाजू हलकी असली की तिला बारीकसं वजन बांधतात, त्याला पासंग म्हणतात, हे ताईने मला कालच शिकवलं होतं. तेव्हा त्या कललेल्या माणसाचं नाव मी 'पासंग' ठेवलं. बसमध्ये सांगितलं तर ताईला इतकं हसू आलं की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या.

११ जुलै

पुन्हा तेच गाव. म्हटलं, आत्ताच तर येऊन गेलो. ताई म्हणाली, दुरुस्तीनंतर फेरतपासणी करावी लागते. बाकीच्या ठिकाणी ती हे काम कनिष्ठांवर सोपवते. असो.

फेरतपासणी अर्ध्या तासात आटोपली. मग चहा दीड तास चालला. पासंगांची बायको सात वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मूलबाळ नाही. ते स्वतः स्वयंपाक करतात, आणि वाईट करतात असं स्वतःच सांगतात. मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात. "डॉक्टर, तुमच्या कॉलेजात पहिल्या दिवशी काय शिकवतात?" मला माहीत नव्हतं, तरी मी पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

परतताना ताई खिडकीबाहेर बघत होती. मी पासंगांची चाल आणि बोलणं करून दाखवलं. माझ्या नकला तिला नेहमी आवडतात. आज म्हणाली, "त्यांना तसं नको गं म्हणूस."

बरं बाई. उन्हाने डोकं दुखत असेल तिचं.

१७ ऑगस्ट

या महिन्यात सहा गावं झाली आणि त्यातलं एक दोनदा. कोणतं ते सांगायला नको. तिथलं काम म्हणे नीट लावून द्यायचं होतं.

पासंगांनी आम्हाला नावेतून पलीकडच्या तीरावर नेलं. परत येताना वारा सुटला आणि ताईची टोपी उडून पाण्यात पडली. मी 'गेली, गेली' म्हणून ओरडत होते आणि ती दोघं शांत बसली होती. टोपी वाहत दूर गेली. ताई म्हणाली, "जाऊ दे." तीच ताई, जी हरवलेल्या पेन्सिलीसाठी घर डोक्यावर घेते.

पासंग दर आठवड्याला पत्र लिहितात. ताई ती पत्रं कार्यालयाच्या पत्त्यावर मागवते. का, असं विचारलं तर म्हणाली, कामाची असतात.

९ सप्टेंबर

वसतिगृह. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. खिडकीतून कपडे धुण्याच्या खोलीचं छप्पर दिसतं. माझी जोडीदारीण परीक्षेत राज्यात चौथी आली होती, म्हणून सगळे तिला 'चौथी' म्हणतात. तिचे वडील शल्यविशारद, आई स्त्रीरोगतज्ज्ञ. तिने विचारलं, "तुझ्या घरी कोण डॉक्टर?" मी म्हटलं, "कुणी नाही." ती म्हणाली, "मग घरचे काय करतात?" मी म्हटलं, "ताई सरकारी अधिकारी आहे." बाबा घड्याळं दुरुस्त करायचे हे सांगितलं नाही. विसरले असं लिहिणार होते, पण वहीत खोटं कशाला.

ताईने खाटेवर चादर घातली, कपाटाचं दार तपासलं, टेबल डगमगत होतं म्हणून कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. निघताना म्हणाली, "रेडिओ, कमी बोल, जास्त ऐक." मग मला मिठी मारून झटकन गेली. मी गॅलरीतून बघितलं. ती फाटकापाशी पाच मिनिटं नुसतीच उभी होती.

२२ सप्टेंबर

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी दोघं चक्कर येऊन पडले. मी पडले नाही. पण फॉर्मॅलिनचा वास केसांतून जात नाही आणि भात खाताना आपले हात आपले वाटत नाहीत. प्राध्यापक म्हणाले, "या माणसाने तुम्हाला शिकवण्यासाठी देह दिला आहे. टेबलाशी चेष्टा झाली तर बाहेर काढीन." आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो.

हाडांची नावं पाठ होत नाहीत. मनगटात आठ हाडं! एवढ्याशा जागेत एवढी गर्दी कशाला?

१२ ऑक्टोबर

ताई भेटायला आली. आम्ही बागेत बाकावर बसलो. मी दोन तास रडगाणं गायलं. चौथी कशी सगळ्यांत हुशार, मी कशी ढ, मला कसं परत यावंसं वाटतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नदीकाठच्या कार्यालयात एक जागा रिकामी होतेय. बदली मागितली तर मिळेल मला."

मी म्हटलं, "आणि बाबा?"

"बाबांना घेऊन जाता येईल. किंवा... ते एकटेही राहू शकतील."

"बाबा? त्यांना साडेबाराला जेवण लागतं. आणि मग मी सुट्टीत कुठे यायचं? त्या धुळीच्या गावात?"

ती म्हणाली, "नुसतं विचारलं गं."

"असलं काही डोक्यात आणू नकोस हं ताई. मला इथे एवढं जड जातंय आणि त्यात घरही हलवायचं?"

"बरं," ती म्हणाली.

खूळ लगेच उतरलं, बरं झालं. मला फार धस्स झालं होतं.

८ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. दुपारी शिपाई सांगत आला, भेटायला कुणी आलंय. खाली गेले तर पासंग! व्हरांड्यात सफरचंदांची पिशवी घेऊन उभे. तीन तासांचा बसचा प्रवास करून आले होते. आणि नेमकी तेव्हाच चौथी आणि तिचा सगळा गट जिन्यावरून उतरत होता. सगळे पांढऱ्या कोटात. चौथी म्हणाली, "तुझे वडील?" मी म्हटलं, "छे छे, ताईच्या कामातले ओळखीचे. काटा चालवतात." कुणीतरी हसलं. माझे कान तापले.

पासंग म्हणाले, "मॅडमनी लिहिलं, एकदा डॉक्टरांना भेटून घ्या. म्हणून आलो." मग बराच वेळ पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडमच्या मनात बदलीचं आहे, असं मला वाटत होतं. तुम्हाला काय वाटतं?"

चौथीचा गट अजून जिन्यातच रेंगाळत होता. मला ते लवकर संपवायचं होतं. मी म्हटलं, "ताई कुठे जाणार? तिने मला स्पष्ट सांगितलंय, तुझं शिक्षण पुरं होईपर्यंत मी दुसऱ्या कशाचा विचारसुद्धा करणार नाही."

"असं म्हणाल्या त्या?"

"हो. अगदी याच शब्दांत."

ते म्हणाले, "किती वर्षं असतं हो शिक्षण?" मी म्हटलं, "पुढचं धरून आठ-नऊ." त्यांनी मान हलवली, पिशवी दिली आणि म्हणाले, "नीट अभ्यास करा, डॉक्टर."

खरं तर ताई असं कधी म्हणाली नाही. पण विचारलं असतं तर म्हणालीच असती. दहा मिनिटांत सुटले. सफरचंदं गोड निघाली. चौथीनेही दोन खाल्ली.

२८ डिसेंबर

सुट्टीला घरी. ताई बारीक झालीय. तिने डोंगरापलीकडच्या तालुक्यांची फिरतीही स्वतःकडे घेतलीय, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. म्हटलं, "पासंग काय म्हणतात?" ती म्हणाली, "त्यांचा काटा आता दुसरे निरीक्षक बघतात."

बाबा भिंगातून एका जुन्या घड्याळात डोकावत होते. ते तसेच, डोकं वर न करता म्हणाले, "धाकटे, जरा चहा टाक." मी चहा करून आणेपर्यंत ताई आतल्या खोलीत गेली होती. बाबा म्हणाले, "तिला काही विचारू नकोस सध्या." मी म्हटलं, "का?" ते म्हणाले, "मला तरी कुठे सांगितलंय?"

कामाचा ताण असेल. वरिष्ठ जाच करत असतील.

३० जानेवारी

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकांनी खांद्याचं हाड हातात दिलं आणि विचारलं, डावं की उजवं? मी इतकं बोलले, इतकं बोलले. शेवटी ते म्हणाले, "मुली, हाड बघितलंस का एकदा तरी? हातात आल्यापासून तू माझ्याच तोंडाकडे बघतेयस."

ताईला फोन केला. ती म्हणाली, "पुन्हा देता येते ना? मग दे." एवढंच. पूर्वी अर्धा तास समजूत घातली असती.

१४ मार्च

कसं लिहू.

कॉलेजचं आरोग्य शिबिर नदीकाठच्या त्याच गावात होतं. आम्हाला फक्त नावं टिपायची आणि वजन-उंची घ्यायची होती. दुपारी वेळ मिळाला तशी मी कोट न काढता वजनकाट्याकडे गेले. वाटलं, पासंगांना दाखवू, तुमचे डॉक्टर बघा.

ते केबिनमध्ये होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजारी एक बाई वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होत्या. ते म्हणाले, "ही माझी बायको. जानेवारीत लग्न केलं." बाई छान हसल्या. आत चहा करायला गेल्या.

मी म्हटलं, "ताईला कळवलं नाहीत?"

ते म्हणाले, "कळवायला हवं होतं. धीर झाला नाही. मॅडम बऱ्या आहेत ना?" मग म्हणाले, "त्यांचा निरोप योग्यच होता, डॉक्टर. माझा काही राग नाही, एवढं सांगा त्यांना. नऊ वर्षं मीही थांबलो असतो. पण त्यांनीच विचारसुद्धा करणार नाही म्हटल्यावर दाराशी बसून राहणं म्हणजे त्यांना ओझं."

मी म्हटलं, "निरोप? कसला निरोप?"

"तुम्हीच नाही का दिलात? कॉलेजच्या व्हरांड्यात."

बाहेर एक ट्रक काट्यावर चढला आणि ते आकडा बघायला उठले. त्यांनी तो दोनदा वाचला, लिहिला, चिठ्ठी फाडून दिली. मी बसून राहिले. चहा आला, तो प्याले. चांगला होता असंही म्हणाले.

जूनपासूनच्या फेऱ्या. पत्रं. बदली. सगळं माझ्यासमोर झालं. मी तिथेच होते, प्रत्येक वेळी.

१७ मार्च

ताईला पत्र लिहिलं. फाडलं.

६ एप्रिल

तोंडी परीक्षा पुन्हा दिली, पास झाले. परीक्षकांनी मणका दिला. मी आधी बघितला, दोन्ही बाजूंनी, मग बोलले. ते म्हणाले, "सुधारणा आहे."

ताईला फोनवर पास झाल्याचं सांगितलं, दुसरं काही सांगितलं नाही. स्वतःला म्हणते की हे फोनवर सांगण्यासारखं नाही. समोर असते तरी काय दिवे लावले असते?

कधीकधी असंही वाटतं, कशाला सांगायचं? त्यांचं लग्न झालंय. त्या बाई चांगल्या आहेत. सांगून ताईला काय मिळणार? पण हा विचार मला फारच सोयीचा आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

२ मे

सांगितलं.

मी सुट्टीला घरी आलेय. ताई कार्यालयातून येऊन हात-पाय धुऊन बसली होती. बाबा फिरायला गेले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. ते कॉलेजात आले होते. मी काय म्हटलं. कोण ऐकत होतं म्हणून म्हटलं. त्यांचं लग्न.

लग्नाचं तिला कार्यालयात कळलं होतं. बाकीचं नव्हतं. ती कपाटाकडे गेली आणि एक पाकीट काढून आणलं. तीनच ओळी होत्या. 'डॉक्टरांना भेटलो. सगळं समजलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.'

ती म्हणाली, "मला वाटलं, तुला बघून, बाबांबद्दल ऐकून, ते मागे सरले. आपल्या घराचा भार बघून. माझाही काही आग्रह नव्हता, म्हटलं, समजू शकते." मग म्हणाली, "सहा महिने मी त्यांना भित्रा समजत होते."

"ताई, चूक झाली माझी. मला कळलंच नाही गं..."

"तीन तास बसमधून आले होते ते?"

"हो."

"बसायला सांगितलंस?"

"नाही."

"पाणी तरी विचारलंस?"

"नाही."

तिने पत्र घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं. मी रडायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आता रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागते, आणि आज माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी डोळे पुसले.

"मीही कमाल केली," ती म्हणाली. "स्वतः जाऊन विचारायचं सोडून तुझ्याकडे धाडलं त्यांना. तुझी परवानगी हवी होती मला. एकोणीस वर्षांच्या मुलीची." मग उठली. "मी तुझ्यावर रागावलेय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन."

बाबा परत आले तेव्हा ती भाजी चिरत होती. मी शेजारी बसून शेंगा सोलल्या. एकही शब्द बोलले नाही.

२५ मे

ताईने बदली मागितली होती, ती मंजूर झाली. नदीकाठची नाही. डोंगरातलं शेवटचं कार्यालय, जिथे कुणी जायला तयार नसतं. मी विचारलं, "तिथेच का?" ती म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही. एकदा तसं राहून बघते."

"कायमचं?"

"तीन वर्षं. मग बघू."

मी बाबांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला. तुमचं कसं होणार?"

बाबांनी भिंग डोळ्यावरून काढलं. म्हणाले, "धाकटे, मी दूधपितं पोर आहे का? मला भात येतो, भाजी येते, अंडं येतं. तेरा वर्षं तुम्ही दोघी माझं नाव पुढे करताय. मला कुणी विचारलं होतं का कधी?"

मग ते पुन्हा घड्याळात शिरले. एक स्क्रू बरोबर जागी बसवला.

९ जून

ताई दुपारच्या बसने गेली.

मी तिच्याबरोबर बस स्टँडवर गेले. एक ट्रंक, एक वळकटी. ट्रंक टपावर चढवायला मी हात लावला, कंडक्टर म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, हे आमचं काम." आम्ही दोघींनी एकदमच मागे पाऊल घेतलं आणि जरा हसलो. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

ती खिडकीपाशी बसली. मी खाली उभी. बोलायला कितीतरी होतं. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." ती म्हणाली, "तिथे फोन लांब आहे. पत्र लिहीन."

"मला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "बाबांना लिहीन. तू वाचून दाखव."

बस सुरू झाली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा केला, पण तोवर बस हलली होती. म्हणाली, "घरी जा आता. साडेबारा होत येतील."

मी घरी आले. सव्वाबारा झाले होते. बाबांनी भात लावला होता, जरा करपला होता. दोन ताटं मांडून ते वाट बघत बसले होते.

"गेली?"

"गेली."

"बस," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी मला वाढलं.